डीच्या बाहेरचा फटका

आमच्या फॅक्टरीचा हॉकी संघ यंदा जिंकला, तेव्हापासून जबलपुरात जो भेटतो तो एकच विचारतो — काय भाऊ, पोरांवर डाव लावला होता, जमला ना? मी मान हलवतो. जमला का? खरं सांगू, मला ठाऊक नाही. आणि का ठाऊक नाही, ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, चषक कपाटात आहे, मग गोंधळ कसला? गोंधळच आहे. पूर्वी संघात सगळे चाळिशी उलटलेले. कप्तान प्रभाकर — माझ्याच बरोबर नोकरीला लागलेला, माझा मित्र, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळाडू. सामना हरले तरी नंतर खव्याची जिलेबी ठरलेली. मला वैताग यायचा. जुन्यांना घरी बसवा, अप्रेंटिस पोरांचा संघ करा, असं साहेबांना मीच सुचवलं. साहेब म्हणाले, जुने विरुद्ध पोरं असा सामना लावा. पोरं जिंकली तर त्यांचा संघ, नाहीतर आहे तोच. आणि पंच — मी.

सामना बरोबरीत संपत आला होता. इथल्याच जवळच्या पाटन गावच्या एका पोरानं लांबून सणसणीत फटका मारला, चेंडू गोलात. आता हॉकीत गोलासमोरचं जे अर्धवर्तुळ असतं — आम्ही त्याला डी म्हणतो — त्याच्या आतून मारलं तरच गोल. हा फटका बाहेरचा होता. चांगला हातभर बाहेरचा. मी पाहिलं. स्वच्छ पाहिलं. आणि शिट्टी फुंकून गोल दिला.

का? साहेब खुर्चीत बसले होते म्हणून? पोरं खरंच चांगली होती म्हणून? की मला प्रभाकरला एकदा हरलेला बघायचं होतं? इतकी वर्षं उलटसुलट करून पाहतोय, उत्तर दर वेळी वेगळं येतं.

जुने खेळाडू माझ्या अंगावर धावून आले. आमच्याकडे पंचाशी बोलायचं ते कप्तानानंच, अशी रीत. प्रभाकर अगदी जवळ उभा होता — त्याला दिसलं नसेल, कसं शक्य आहे? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना मागे सारलं. "चलो भैया, पंच अपना आदमी है, देख के ही दिया होगा." त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही.

पोरं सुरुवातीला सपाटून हरली. मग एक दिवस प्रभाकरच माझ्याकडे आला. "पोरं नुसती धावून राहिली, पाहून नाही राहिली. ड्यूटी सुटल्यावर मी येत जाऊ काय?" तो येत गेला. पोरं सुधारली. आता सांगा, हा संघ कोणाचा — माझा की त्याचा? मी खोटा गोल दिला नसता तर तो शिकवायला आला असता? असं मनात आलं की मला जरा बरं वाटतं. मग बरं वाटल्याचीच लाज वाटते.

गेल्या महिन्यात सत्कार झाला. प्रभाकरनं माइक घेतला. "इन्होंने उस दिन हिम्मत करके हमें घर बिठाया, तब जाके ये टीम बनी." आणि स्वतःच्या हातानं माझ्या खांद्यावर शाल घातली. वाटलं, याला सगळं ठाऊक आहे. मग वाटलं, नाही, याचा अजून माझ्यावर विश्वास आहे. दोन्हीत जास्त वाईट काय, तेही मला कळेना. लोक टाळ्या वाजवत होते. मी हात जोडले आणि शाल नीट पांघरून घेतली.