ग्रीनलँड आणि जर्मनचा टोप

ग्रीनलँड युरोपातून बाहेर पडत होतं तेव्हा त्यासाठी चाललेल्या बोलण्यांची खरी काळजी साऱ्या आशिया खंडात एकाच माणसाला होती, आणि तो माणूस घाटकोपरला डोंगराच्या चढावरच्या एका चाळीत राहत होता. हे माझ्या बायकोचे मामा. मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून काढलेले, आणि संप लांबत गेला तसे घरी बसलेले. घरी बसलेली माणसं पत्ते कुटतात, नाहीतर बायकोच्या फोडणीत लक्ष घालतात. मामा रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून वाचनालयात जात आणि तिथल्या एकुलत्या एका इंग्रजी पेपरात बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत. तिथेच एका पानाच्या तळाशी, टायरच्या जाहिरातीला खेटून, त्यांना ती चार ओळींची बातमी सापडली. ग्रीनलँडच्या लोकांनी मतदान करून युरोपातल्या देशांच्या संघटनेतून बाहेर पडायचं ठरवलं होतं, तेही थोडक्या मतांनी. मामा त्या संघटनेला पहिल्या दिवसापासून ‘युरोपचं मंडळ’ म्हणत.

त्या रविवारी मी मुलुंडहून जेवायला गेलो तर ताटाच्या आधी नकाशा पुढे आला. “जावईबापू, नाव हिरवं आणि नकाशात सगळं पांढरं. हे कसं काय?” मी म्हटलं, तिथे बर्फच आहे. मामांनी नकाशावर बोट टेकवलं. “मग नाव ठेवणारा जागांचा एजंट असणार. बोरिवलीला खाजणात भराव टाकतात नि पाटीवर लिहितात फुलबाग.” पुढे कुठेतरी वाचलं की प्रकार साधारण तसाच झाला होता, लोक वस्तीला यावेत म्हणून. मामांच्या शंका अशाच असत, ऐकताना हसू यायचं आणि घरी गेल्यावर आपल्यालाही झोप लागायची नाही. बाहेर पडायला गेलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो? बोलणी कोणाच्या घरी होतात, आणि चहा कोणाचा? मुळात नको होतं तर हे लोक आत गेलेच कसे? मी माझ्या अकलेप्रमाणे सांगितलं की डेन्मार्क आत शिरला आणि ग्रीनलँड त्याच्याकडे असल्यामुळे तेही आपोआप गेलं. हे मामांना तात्काळ पटलं. थोरल्याने सोसायटीत नाव घातलं की धाकट्याचंही पडतं, हे त्यांनी घरीच भोगलं होतं. पण भांडण मुख्यतः माशांवरून आहे, परक्यांच्या मोठ्या बोटी येऊन त्यांचे मासे नेतात, हे कळलं तेव्हा मामा घास हातात धरून थांबले. “मासे? मग हो आमचोच प्रश्न,” असं म्हणाले, आणि तेव्हापासून ग्रीनलँड त्यांच्या घरचं झालं.

आता मामांचं दुसरं मंडळ. कोकणातल्या गावाचं मुंबईत मंडळ असतं. वर्षातून एक पूजा, एक जेवण, आणि वर्षभर पुरणारी भांडणं. मामांच्या गावाला दोन वाड्या, डोंगराकडची वरची आणि दर्याकडची खालची. मामा वरच्या वाडीचे आणि मंडळाचे अध्यक्ष. खालच्या वाडीचा पुढारी जनू, मानखुर्दला राहणारा, मामांचा पहिलीपासूनचा मित्र. दर रविवारी सकाळी हा जनू पिशवीतून मासे घेऊन घाटकोपरला येई, मामी ते करत आणि दोघे मित्र एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत जेवत. त्यांचं प्रेम शिव्यांत मोजायचं तर फार खोल होतं. अशात एका वर्षी पूजेची पत्रिका छापून आली. छापणाऱ्याने वरच्या वाडीची नावं वर आणि खालच्या वाडीची नावं खाली, बारीक टायपात, अशी सरळ बुद्धीने छापली होती. खालची वाडी पेटली. वेगळं मंडळ काढतो म्हणाली.

इथे मामांमधला ग्रीनलँडचा जाणकार आडवा आला. कोणी दुसरा असता तर जनूला घरी बोलावून दोन शिव्या देऊन मिटवून टाकलं असतं. मामा म्हणाले, भांडू नका, रीतसर मतदान घेऊ, आणि खालच्या वाडीचेच हात मोजू. कोणी वेगळं होणार नाही याची त्यांना खात्री होती. पालिकेच्या शाळेत तिसरीच्या वर्गात सभा भरली. मोठमोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मामांनी हात मोजले. एका हाताच्या फरकाने वेगळं व्हायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यातला एक हात पंखा वाढवा म्हणून सांगणाऱ्याचा होता. पण तोवर खालच्या वाडीने नव्या मंडळाचं नाव ठेवून पेढेही वाटले होते. मामा मला म्हणाले, “मोजलेला हात आता खाली कसा करणार?” त्या रविवारी जनू आला नाही. पुढच्याही नाही. मामी बाजारातून बांगडे आणत, आणि मामा ते मुकाट्याने खात. माणूस चेष्टेत इतका रमणारा, पण त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नसे. मतदान त्यांचंच, मोजणी त्यांचीच, आणि गेला तो त्यांचाच माणूस.

मग वाटणीची बोलणी सुरू झाली. मंडळाची मालमत्ता म्हणजे मामांच्या माळ्यावरची भांडी: पराती, झारे, सतरंज्या, एक पेट्रोमॅक्स. एरवी अर्ध्या तासाचं काम. मामांनी ते दोन वर्षं पुरवलं. एक बैठक घाटकोपरला, एक मानखुर्दला, चहा ज्याच्या घरी त्याचा. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त. ते लिहायला मला बसवलं होतं, कारण मी साताऱ्याकडचा, दोन्ही वाड्यांचा कोणी नाही. ज्यांनी जन्मभर एकमेकांना ‘मेल्या’ म्हटलं ते दोघे आता समोरासमोर बसून “आपलं म्हणणं काय?” असं विचारत. झाऱ्यांवर तीन बैठका झाल्या. मंडळी कंटाळून यायची बंद झाली, मीसुद्धा वैतागलो. एकदा परतताना मी विचारलं की मामा, हे संपवत का नाही? ते म्हणाले, “संपवलं तर तो परत कशाला येईल?” त्यानंतर मी झाऱ्यांबद्दल तक्रार केली नाही.

तिकडे ग्रीनलँडच्या बातम्या महिनोन् महिने येत नसत. मामा म्हणत, बातमी नाही म्हणजे मासे अडले. आणि मग एक दिवस ते वाचनालयातून थेट माझ्या अंधेरीच्या ऑफिसात आले, घामाघूम. ठरलं होतं. ग्रीनलँड बाहेर पडणार, पण युरोपच्या बोटी पैसे मोजून तिथे मासे धरत राहणार, आणि ग्रीनलँडचे मासे जकात न भरता युरोपात विकले जाणार. “निघाक कोणव निघतलो,” मामा माझ्या टेबलाला टेकून म्हणाले, “पण दर्या थयच रवता मां. त्यांनी मासे सामायिक ठेवले, जावईबापू. आता आपले मासे कुठले ते शोधायचं.” गावाकडच्या सातबाऱ्यावर विहिरीपुढे असतो तो हा शब्द, सामायिक. भाऊ वेगळे झाले तरी पाणी एकाच विहिरीचं.

शेवटच्या बैठकीला माळ्यावर एकच वस्तू उरली होती. पन्नास माणसांचा भात शिजेल असा जर्मनचा टोप. अॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन का म्हणतात देव जाणे, पण युरोपच्या मंडळातही जर्मन आहेतच, असा दाखला मामांनी दिला. टोपाला एका बाजूने पोचा आलेला, झाकण कधीच हरवलेलं. खालची वाडी म्हणाली, ठेवा तुम्हालाच. मामा हटले नाहीत. “ह्यो टोप वाटपात नाय. सामायिक.” त्यांनी मला कलम लिहायला लावलं, ते मला अजून पाठ आहे. टोपाला दोन कड्या आहेत. न्यायचा तेव्हा एक कडी वरच्या वाडीने धरायची, एक खालच्या वाडीने. टोप तटस्थ ठिकाणी राहील. तटस्थ ठिकाण म्हणजे मुलुंडची माझी बाल्कनी, हे मला लिहिता लिहिताच कळलं. जनूने कलम दोनदा वाचलं. मग सही करताना मान वर न करता म्हणाला, “मेल्या, सरळ ये म्हणान सांगाक काय झाला होता तुका?”

त्यानंतर दोन्ही वाड्यांत लग्नं निघाली, पूजा झाल्या, आणि दर वेळी ते दोघे जिना चढून येत. जिन्यावरूनच शिव्या ऐकू येत. माझी बायको चहा ठेवी. टोप एका बाजूने मामा, एका बाजूने जनू, आणि वळणावर कोणाची चूक यावरून खालपर्यंत भांडण. रविवारचे मासेही पुन्हा सुरू झाले. बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून मी कुरकुर करत असे, ती सगळी मी आज मागे घेतो.

मामा गेले त्याला दोन वर्षं झाली. मध्ये एका रविवारी दुपारी दारात जनूकाका उभे, एकटेच. “टोप होयो होतो,” म्हणाले. काय कार्य आहे ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाल्कनीत गेले, टोपावरची धूळ उपरण्याने पुसली, आणि खाली वाकून आपल्या बाजूची कडी धरली. मी पुढे झालो तर त्यांनी मान हलवली. “तू नको. तू तटस्थ.” तसेच वाकून ते बराच वेळ समोरच्या कडीकडे बघत राहिले. मग हळूच सोडून दिली. “रवांदे. परत येतंय.” चहा घेऊन ते गेले. नंतर स्वयंपाकघरात पाहिलं तर ओट्यावर त्यांची पिशवी होती, आत ताजे बांगडे.