साल्हाने विणलेला जुना बखनूग

साल्हा फरशी पुसायच्या कामाला लागली तेव्हा मी ओझिरच्या संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर बसायला लागून सात वर्षं झाली होती. तिला मी लहानपणापासून ओळखायचो. वरच्या वस्तीत, डोंगरात कोरलेल्या घरांच्या ओळीत तिचं घर शेवटचं. साठी उलटलेली, सडपातळ, बोलायला तिखट. नवरा तरुणपणीच कामासाठी लिबियात गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. दोन मुली तिने एकटीने वाढवल्या.

पहिले तीन महिने ती फक्त पुढचं दालन पुसायची. मागच्या दालनाचं छत गळत होतं, म्हणून ते बंद होतं. छताचं काम संपलं आणि संग्रहालयाच्या प्रमुख दुर्रा मॅडमनी मला किल्ली दिली. "लझार, साल्हा खालाला सांगा, आज मागचंही पुसून घ्या. काचांना ओलं फडकं लावू नका म्हणावं."

थोड्या वेळाने मी बघायला गेलो, तर साल्हा मधल्या काचेसमोर उभी होती. फडक्यातलं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. आत आमचा बखनूग टांगलेला होता. नवरीने डोक्यावरून घेऊन पाठीवर सोडायची ती जाड लोकरीची शाल. काळपट लाल रंग, त्यावर बारीक पांढरी नक्षी. आमच्या संग्रहालयाचं नाव निघायचं ते त्या एका वस्तूमुळे.

"काय लिहिलंय रे इथे?" तिने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

मी वाचलं. "नवरीचा बखनूग. अंदाजे सव्वाशे वर्षांपूर्वीचा. विणणारी अज्ञात. कडेचं भोक लग्नातल्या दिव्याची ठिणगी पडून झालं असावं."

"दिव्याची ठिणगी!" ती हसली. मग तिथेच ओल्या फरशीवर बसली. "अरे, ते भोक मी पाडलंय. चिमट्यात निखारा धरून. माझ्या चुलीतला."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तिने सांगितलं ते असं. नवऱ्याचा पत्ता लागेना तेव्हा ती पंचविशीत होती. तिजानी नावाचा व्यापारी वस्तीवर यायचा. तो तिला लोकर द्यायचा, घरात पीठ, तेल, साखर टाकायचा आणि बखनूग विणून न्यायचा. चार हिवाळे तिने विणलं. आमच्याकडे हे काम उभ्या मागावर होतं, आणि विणताना सगळं पांढऱ्यावर पांढरं असतं. पांढऱ्या लोकरीत पांढरं सूत. नक्षी डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी मोजावी लागते. विणून झालं की कापड रंगाच्या हंड्यात बुडवायचं. लोकर लाल होते, सुताला रंग चढत नाही आणि तेव्हा कुठे नक्षी उघडी पडते.

"तो रंग मी कसा काढायचे माहितीये? डाळिंब फुटल्यासारखा," साल्हा म्हणाली. "आणि हा तिजानी म्हणायचा, फार ताजा दिसतो, शहरातल्या लोकांना जुनं आवडतं. मग तेलाच्या घाण्याचं काळं पाणी फासायचं. महिनाभर शेळ्यांच्या गोठ्यात पुरून ठेवायचं. धुरावर धरायचं. झालर मीच कापायचे, भोकं मीच पाडायचे. आपलंच काम आपणच नासवायचं. पण घरात पोरी होत्या, पीठ नव्हतं. मी विचारलं नाही कुठे विकतोस. मला कळत नव्हतं असं नाही हं, लझार. मी विचारलं नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन तिजानीकडे गेली. तिजानी आता हज्ज करून आलेला, ऐंशीचा म्हातारा. संग्रहालयासमोरच त्याचं दुकान, मुलगा चालवायचा. हा बाहेर खुर्ची टाकून बदाम घातलेला चहा पीत बसलेला असायचा.

"हाजी, तो आतला लाल बखनूग माझा आहे," साल्हा म्हणाली.

"बस, बस. चहा घे."

"चहा नको. मी विणलेला आहे, होय की नाही?"

तिजानीने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मी कितीतरी विकले. कुठला कुणाचा, मला काय आठवतंय? आणि समजा तुझा असला. बरं झालं की! तुझं काम काचेत लागलं. किती बायकांचं लागतं?"

"माझं नाव नाही तिथे. कुठल्या मेलेल्या बाईचं आहे म्हणून लिहिलंय."

"मग गप्प बस. तोंड उघडलंस तर फसवणारी कोण ठरणार? मी? माझ्या हातात कधी मागाची फणी होती का?" तो हसला. "म्हातारपणी लाज कशाला ओढवून घेतेस, साल्हा?"

ती तशीच परत फिरली. चढावर मात्र थांबली आणि मला म्हणाली, "खरं बोलला मेला. निखारा माझ्याच हातात होता."

त्यानंतर तीन आठवडे ती कामावर यायची, पण जीव ठिकाणावर नसायचा. एकदा बादली लवंडली, एकदा दार उघडं टाकून गेली. मधली काच ती पुसायची नाही, ती मी पुसायचो. मलाही काय करावं सुचत नव्हतं. दुर्रा मॅडम राजधानीहून आमच्या ओसाड गावात स्वतःहून आलेल्या बाई. उन्हाळ्यात इथे कुणी टिकत नाही, त्या पाच वर्षं टिकल्या होत्या. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

तेवढ्यात त्यांचं पुस्तक लिहून झालं. आमच्या भागातल्या बखनूगांवरचं पहिलंच. छापायला जायच्या आधी त्यांनी आम्हा दोघांना ऑफिसात बसवून एक पान वाचून दाखवलं. मुखपृष्ठावर तोच लाल बखनूग. आत त्या अज्ञात विणकरणीबद्दल लिहिलं होतं, ती कशी असेल, तिने कुणाच्या लग्नासाठी विणलं असेल. एक वाक्य मॅडमनी दोनदा वाचलं.

साल्हा मांडीवर हात ठेवून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, ती बाई मी आहे."

मॅडम आधी हसल्या. साल्हाने सगळं सांगितलं तसं हसू गेलं. मग त्या चिडल्या.

"खाला, हे कुणी सांगायला लावलं तुम्हाला? सगळ्या दक्षिणेत या तोडीचा जुना बखनूग दुसरा नाही. मी स्वतः चार वर्षं त्याचा अभ्यास केलाय."

"तो काढा बाहेर. मागची बाजू बघा. तेव्हा सूत मिळत नव्हतं. पिठाच्या पोत्यांची शिवण उसवून मी दोरा काढायचे. त्या दोऱ्यात एक निळा धागा पिळलेला असायचा. तो मी मागच्या बाजूला दाबून टाकलाय. तिसऱ्या पट्टीपासून पुढे."

आम्ही काच उघडली. मॅडमनी पांढरे हातमोजे घातले, बखनूग टेबलावर पालथा घातला आणि भिंग घेऊन वाकल्या. तिसरी पट्टी मोजून काढली. मग चिमट्याने एक टाका उचलला. निळा धागा मलासुद्धा दिसला, केसाएवढा.

"गिरणीचा दोरा," त्या हळूच म्हणाल्या. भिंग बाजूला ठेवून खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता पुस्तकाबद्दल काहीतरी बोलतील. पण त्यांनी साल्हाकडे बघितलं आणि विचारलं, "खाला, दोन वर्षांपूर्वी तुम्ही एक घेऊन आला होतात. तो कुठे आहे?"

तेव्हा मला आठवलं. साल्हा खरंच आली होती, काखेत गाठोडं घेऊन. तिच्या आईचा बखनूग, आईला तिच्या आईने दिलेला. तीन लग्नांत वापरलेला, एरवी धान्याच्या मातीच्या रांजणात उग्र वासाच्या पाल्यात गुंडाळून ठेवलेला. त्याला कसर लागली नव्हती की डाग पडला नव्हता. साल्हाला तो संग्रहालयाला द्यायचा होता, तसाच, काही न घेता. मॅडमनी तो उलगडून बघितला आणि फार गोड शब्दांत नाही म्हटलं. हा अलीकडचा आहे खाला, फार तर चाळीस वर्षांचा. जुना कसा असतो मला माहीत आहे, त्याचा रंग कसा बसलेला असतो, झालर कशी झिजते. वाईट वाटू नये म्हणून चहा पाजला. पुढे जागा निघाली तेव्हा आठवणीने कामालाही लावून घेतलं.

"तो तिजानीच्या पोराकडे विकायला टाकला," साल्हा म्हणाली. "तुम्हीच म्हणालात जुना नाही. मुली म्हणाल्या, आमच्याकडे ठेवायला जागा नाही. मग म्हटलं, घरात ठेवून करायचं काय? एका परदेशी जोडप्याने नेला. कोचावर घालायला हवा होता त्यांना."

"कुठलं जोडपं? नाव, गाव?"

"मला कोण नाव सांगणार, मॅडम?"

मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी याच्याशी ताडून बघितला," त्या म्हणाल्या. "तुमचा खरा मी या खोट्यावरून खोटा ठरवला."

"खोटा म्हणू नकोस गं," साल्हा एकदम म्हणाली. मॅडमना तिने पहिल्यांदाच एकेरी हाक मारली असेल. "विणलंय ते खोटं नाही. पुढचं सगळं खोटं आहे. आणि तेही माझंच आहे, पोरी. तुझ्या एकटीचं नाही."

त्या दिवशी दुपारी दोघी तिजानीच्या दुकानात गेल्या. पोराने वह्या चाळल्या, खांदे उडवले. म्हातारा म्हणाला, "दोन वर्षांत कितीजण आले नि गेले." एवढंच.

मॅडमनी काही दडवलं नाही. पुस्तक थांबवलं आणि वरच्या कार्यालयाला सगळं लिहून कळवलं. दोन माणसं आली, फोटो काढले. साल्हाला समोर उभी करून चोराला विचारावं तसे प्रश्न विचारले. आणखी किती विणले? कुठे कुठे गेले? तिला अकरा आठवत होते, कुठे गेले ते ठाऊक नव्हतं. बखनूग काचेतून निघून खोक्यात गेला.

गावात बोभाटा झाला. तिजानी चहाच्या टपरीवर म्हणत राहिला, म्हातारीला भ्रम झालाय. निम्म्या लोकांना ते पटलं. उरलेल्यांनी तिला फसवणारी ठरवलं. भट्टीवर भाकरी भाजायला गेली की बायका विचारायच्या, "काय साल्हा, ही आजचीच ना गं, की शंभर वर्षांपूर्वीची?" थोरली मुलगी दोन महिने आईशी बोलली नाही. साल्हाने काम सोडलं.

वसंतात मॅडमच्या बदलीचा कागद आला. जायला तीन आठवडे होते. ते तिन्ही आठवडे त्या दुपारी वर, साल्हाच्या घरी जायच्या. मीही एकदोनदा गेलो. साल्हाने जुना माग उभा केला होता. नजर अधू झाली होती, पण विणताना तिला नजरेची गरज नव्हतीच. आईचा बखनूग ती बोटांनी आठवायची, एकेक ओळ विणायची, आणि मॅडम चौकटीच्या कागदावर ठिपके मांडून ती उतरवून घ्यायच्या. मध्येच साल्हा ओरडायची, "सात नाही गं, नऊ! कान कुठे आहेत तुझे?"

नऊ पट्ट्या झाल्या. दहावीला बोटं थांबली. तिने उसवलं, पुन्हा धरलं, पुन्हा उसवलं. डोळे मिटून हवेत मोजून बघितलं. तीन दुपारी तेच. शेवटच्या दिवशी मॅडमची गाडी खाली हॉर्न वाजवत होती आणि साल्हा धागा हातात धरून नुसती बसली होती.

"राहू दे, खाला. आठवलं की लझारला सांगा."

"आठवायला उरलंय कोण? आजी गेली, आई गेली. आणि ज्यात होतं ते मी कोचासाठी दिलं."

मॅडमनी तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि उतरल्या.

त्या आता उत्तरेला एका कचेरीत आहेत. दर ईदला त्यांचा फोन येतो, आणि पहिला प्रश्न साल्हाचाच असतो. मी आधी वर जाऊन येतो, मगच उत्तर देतो. माग अजून उभाच आहे. मी गेलो की ती जवाची भाकरी आणि तेल पुढे करते, शेळ्यांचं बोलते, पावसाचं बोलते. दहाव्या पट्टीचं मी विचारत नाही. मागच्या खेपेला ती आपणहूनच म्हणाली, "तिला सांग, शोधतेय म्हणावं."