कुंकवाची पाल

लक्ष्मीपूजनाला हळदीकुंकवाचा वास आला की मला शेतातला आमचा गुरांचा दगडी कोठा आठवतो. त्याच्या भिंतीच्या फटींत ठिपक्यांच्या पाली राहायच्या, मातकट, मंद, कोठ्याच्याही आधीपासून त्या खडकाळ रानातल्या. मग काकांनी चिखलीहून टेम्पोभर जुन्या चौकटी आणल्या, त्यांतून घरपाली आल्या. कोठ्यात लाइट लागली तशा त्या माजल्या; बल्बाजवळचे किडे खायच्या आणि ठिपकेवाली दिसली की अंगावर धावून जायच्या. एका दिवाळीला आम्ही कोठ्यात दिवा लावायला गेलो, तेव्हा उंबऱ्याशी एकच ठिपकेवाली उरलेली दिसली. "सरक बे, विषारी हाय ते!" काका ओरडले. "काका, तिले विष नसते, इथलीच हाय ते," मी म्हणेपर्यंत चप्पल बसली होती. तीच चप्पल त्यांनी भिंतीवरच्या घरपालीवर उगारली, तर माय आडवी आली. "हे नका मारू भाऊजी, आजच्या दिवशी लक्ष्मी असते ते!" काकांनी चप्पल टाकून हात जोडले, मायनं पालीच्या दिशेनं कुंकू उधळलं आणि ते मेलेलीवरही सांडलं. आता कोठ्याचं छत घरपालींनी भरलंय. दर दिवाळीला त्यांना कुंकू मिळतं. ठिपकेवाली पुन्हा दिसली नाही, लक्ष्मीही नाही.