चोळीवरून

"माह्या गावात एकबी बाई तपासणीले नाई म्हणत नाई," जयवंता म्हणायची, आणि ते खरंही होतं.

आंजी गावात तिला सगळे नर्सबाई म्हणत. नर्स ती नव्हती. सातवी शिकलेली शेतकऱ्याघरची सून. चौऱ्याऐंशी साली वर्ध्याच्या एका दवाखान्यानं, छातीतल्या गाठी वेळेत कळाव्यात म्हणून, गावोगावच्या काही बायकांना हातानं तपासायला शिकवलं. त्यांतली ती एक. शिकवणाऱ्या डॉक्टर सुमित्राबाईंनी कापडी पिशव्यांत कापूस भरून आत सरक्या दडवल्या होत्या. बोटांनी दाबून त्या शोधायच्या. जयवंताला सगळ्यांच्या आधी सापडायच्या. "हिचे हात पाहा," डॉक्टरबाई इतरांना म्हणाल्या. कितीतरी दिवस तिला आपले हात दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे वाटत राहिले.

पण गावात पिशव्या नव्हत्या, बाया होत्या. पहिल्याच घरी चोळी काढा म्हटल्यावर त्या बाईनं दाराकडे पाहिलं, मग जयवंताकडे. जयवंताचंच तोंड उतरलं. "राहू द्या," ती म्हणाली, "वरूनच पाह्यतो." तेव्हापासून ती सगळ्यांना चोळीवरूनच तपासू लागली, अंगावर पदर ओढून. बाया खूश. चहा व्हायचा, निघताना मूठभर शेंगा मिळायच्या. नाही म्हणण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

घरात रुख्माबाई होती, तिची मोठी जाऊ. जयवंता शिकायला वर्ध्याला जायची तेव्हा तिची पोरं हिनंच सांभाळली. सणावारी जयवंता तिच्या पाया पडायची. त्या पायांच्या वर तिचा हात कधी गेला नव्हता. रुख्माबाईला तपासायची पाळी आली तेव्हा तिनं आपणहून चोळीला हात घातला. "काढू का वं? तुह्यं काम आहे." जयवंतानं मान खाली घातली. "नको, जाऊबाई. राहू द्या." वरून हात फिरवला न फिरवला आणि म्हणाली, सारं चांगलं आहे.

वर्षभरानं सुमित्राबाईंनी सगळ्या गावांचं काम पडताळायला घेतलं. सेलूकडच्या बाया नाही म्हणत होत्या, भांडत होत्या, पण तिकडे गाठी सापडत होत्या. आंजीत नकार नव्हता आणि गाठही नव्हती. "तुझं गाव फारच शहाणं दिसतंय," त्या जयवंताला म्हणाल्या. "तू चांगल्या म्हणून सोडलेल्यांपैकी काही बाया मी स्वतः तपासते. सगळ्याच गावांत असं करतोय, घाबरू नकोस." त्यांनी निवडलेल्या नावांत रुख्माबाई होती.

शाळेच्या खोलीत धोतराचा पडदा बांधला. बाया बाहेर ओट्यावर बसल्या.

"काहो नर्सबाई, तुमी पाह्यलं तं मंग पुन्हा काऊन?" शेजारची आनंदाबाई म्हणाली.

"आज नर्सबाईची परीक्षा आहे," रुख्माबाई म्हणाली. "अन् आपण तिची पाटी."

बाया हसल्या. जयवंताही हसली, पण ते हसू तोंडातच वाळून गेलं.

पडद्याआड सुमित्राबाईंचा हात रुख्माबाईच्या डाव्या छातीवर, काखेच्या बाजूला थांबला. "जयवंता, इकडे ये. इथे हात ठेव."

तिनं ठेवला. बोराएवढी. टणक. सरकवली तर हलत नव्हती. बोटं काहीच विसरली नव्हती.

"तू हिला कशी तपासली होतीस?"

जयवंताच्या आधी रुख्माबाईच बोलली, छताकडे पाहत. "सारं उघडून पाह्यलं जी तिनं. तवा काई नोहतं. आता आली असन."

जयवंताला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. जावेच्या अंगातल्या गाठीवर बोटं असताना.

"असू शकेल," सुमित्राबाई म्हणाल्या. "मग बाकीच्या बायांना पुन्हा बोलवायला नको. तरी एकदा दाखव मला, कशी तपासतेस ते. हिलाच."

जयवंता वाकली. हात पुढे गेला, तो आधी रुख्माबाईच्या पदराकडे. पदर उघड्या छातीवर ओढला, सारखा केला, आणि मग बोटं त्यावरून फिरू लागली. ती आपल्याच हाताकडे पाहत होती. थांबली तोवर उशीर झाला होता.

"असंच?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"हो जी."

"सगळ्यांना?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सुमित्राबाई नुसत्या हात पुसत राहिल्या. "हिला उद्याच वर्ध्याला घेऊन ये. आणि तू तपासलेल्या सगळ्या बाया मला पुन्हा पाहाव्या लागतील. का, ते घरोघरी तूच सांगायचं."

रुख्माबाई उठून बसली. चोळी घालताना तिचा एक हात बाहीत अडकला होता. "हिले काऊन बोलता जी? मीच म्हणलं होतं, वरूनच पाह्य म्हणून. सांग ना वं बाईले. माह्या नावावर घाल."

जयवंतानं जावेकडे पाहिलं. तिच्यानं पाहवेना.

तिनं पडदा बाजूला केला. ओट्यावर बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या.

"आता कोण्या बाईचा नंबर, नर्सबाई?" आनंदाबाईनं पदर सावरत विचारलं.

जयवंता त्यांच्यामधून वाट काढत बाहेर निघून गेली.