मावशीने दिलेला अर्थ

माझ्या लेकीला सख्खी मावशी नाही. मी एकुलती एक. तरी वर्षभर आमच्या घरात उठता-बसता ‘मावशी’ चाललंय. मावशी असं म्हणाली, मावशीकडे जाऊन येते.

ही मावशी म्हणजे बाजारातल्या एका जिन्याखालच्या खोलीत स्पीकर आणि गिटारचे पेडल दुरुस्त करणारी बाई. तरुणपणी रेडिओच्या कारखान्यात जोडणीला होती. कारखाना बंद पडल्यावर बाकीच्या बायका शिवणकामाकडे वळल्या, हिने दुकान टाकलं. नवरा म्हणायचा, बाईकडे रेडिओ घेऊन कोण येणार? पुढे नवरा सोडून गेला, गिऱ्हाईकं राहिली. मूलबाळ नाही. चहा बिनसाखरेचा, चष्मा दोरीला बांधलेला. हे सगळं लेकीच्या तोंडून ऐकलेलं. माझी पहिली नोकरी कोणती होती, हे तिला विचारून बघा.

गेल्या आठवड्यात लेकीच्या गिटारचं पेडल बिघडलं. पायाने दाबलं की गिटारला खरखरीत, तापलेला आवाज देणारी ती डबी. बंद केली तरी साध्या सुरांमागे बारीक खरखर झिरपत राहायची. शनिवारी एका बँडमध्ये घेतील की नाही, याची तिची परीक्षा होती आणि सुरुवातीलाच हळुवार गाणं. नेमका ताप भरला. म्हणाली, “आई, मावशीकडे नेऊन देशील?”

गेले. खरं तर बाई बघायलाच गेले.

तिने डबी उघडली, चष्मा चढवला आणि मान हलवली. “ताई, याला अर्थच नाही.”

माझं डोकं फिरलं. म्हटलं, माझ्या मुलीच्या गाण्याला अर्थ आहे की नाही, ते तुम्ही ठरवू नका.

ती चष्म्यावरून बघतच राहिली. मग इतकी हसली की हातातली तापलेली सोल्डरिंगची गन तिला बाजूला ठेवावी लागली. “अहो, अर्थ म्हणजे अर्थिंग. जमिनीची वायर.”

डबी बंद असली तरी आवाज आत घेणारं तिचं तोंड उघडंच लोंबकळतं, शेजारच्या तारेतला आवाज त्यात शिरतो आणि फुगून बाहेर येतो, असं तिने सांगितलं. बंद करताना ते तोंड अर्थला जोडलं की झालं. बटणाखालच्या एका रिकाम्या पिनवर तिने बोटभर वायर जोडली आणि दुकानातली गिटार माझ्या हातात दिली. मी तार छेडली. मागे काहीच नव्हतं. मनातल्या मनात मी थोडी तरी खरखर शोधत होते.

घरी लेक पांघरुणातून उठून बसली. पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. चेहरा खुलला. मग मी अर्थाची फजिती सांगितली आणि ती पोट धरून हसली. माझ्या बोलण्यावर ती अशी हसल्याला किती दिवस झाले होते. मला वाटलं, आता बसेल, बोलेल.

तिने फोन उचलला. “थांब, मावशीला सांगते.”

“अगं, तिला माहीत आहे. ती तिथेच होती.”

“तरी,” ती म्हणाली.

फोनवर दोघी पुन्हा हसायला लागल्या. ताप बघायला मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ताप उतरला होता. हात मी तसाच ठेवला.