राहेलबाईची माती

वैशाखातला शनिवार, दुपारी चारचा सुमार. ठिकाण, नांदुऱ्याच्या रुळांपलीकडचं आमचं लहानसं ख्रिस्ती कबरस्तान. हजर: मी, म्हणजे या मंडळीचा पाळक, माझी पत्नी, मंडळीचे पंच योहानबाबा, त्यांच्या मागे सात-आठ पुरुष आणि तितक्याच बाया. शिवाय बाजेवर पांढऱ्या चादरीखाली राहेलबाई, जिला सकाळी उन्हाच्या तडाख्यानं नेलं. पहारी दोन, फावडं एक, टोपली एक. सगळं मी मोजून आणलं होतं. खड्डा मात्र खणलेला नव्हता, आणि पहारीला हात लावायला कोणी तयार नव्हतं.

राहेलबाई विधवा होती, मूलबाळ नव्हतं. ती सुईण होती. तिथं उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरांतली लेकरं तिच्या हातावर जन्मली. ती मांग जातीतून आलेली. तिथं जमलेले बाकी आम्ही सगळे, मीही, दुसऱ्या एका जातीतून. तिचा बाप्तिस्मा मीच केला होता, आणि जातीची गोष्ट त्या पाण्यात बुडाली अशी माझी खात्री होती. योहानबाबांनी हात लांब करून कुंपणाकडची बाभूळ दाखवली.

"तिथं खणा म्हना. इकडं आमच्या बापजाद्याच्या रांगेत नाही जमत."

"काऊन?" मी विचारलं.

"काऊन म्हंजे? तुमाले ठावं नाही काय ते कोनाची हाय ते?"

"बाबा, तुमच्या धाकट्याले पह्यले हाती कोनं घेतलं होतं?"

"बाळंतपन येगळं, माती येगळी," ते म्हणाले. मग माझ्या पिशवीकडे बोट केलं. "मी काही मनचं बोलून नाही राह्यलो, पाद्रीसाहेब. काढा ते बुक. तुमचंच अक्षर हाय."

पिशवीत मंडळीची नोंदवही होती. दफनाची नोंद जागच्या जागी करायची माझी शिस्त. पट्टी धरून मीच आखलेले पाच रकाने: अनुक्रम, नाव, बाप्तिस्म्याचा दिवस, धंदा, आणि पाचवा, 'पूर्वीची जात'. मिशनच्या छापील तक्त्यात तो विचारलेला असतो, म्हणून मी तो दरवर्षी भरून नागपूरला धाडत आलो. चुकू नये म्हणून तांबड्या शाईनं. योहानबाबांना वाचता येत नाही. पण तांबडा रकाना कशाचा, हे त्यांनी कधीच विचारून घेतलं होतं, आणि त्या रकान्याप्रमाणे मेलेल्यांच्याही रांगा लावल्या होत्या. इतकी वर्षं त्या रांगांमधून मी प्रार्थना म्हणत चाललो, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

मला संताप आला. प्रभूच्या मेजावर एकाच भाकरीचे तुकडे खाणारी ही माणसं! तिच्या हातानं लेकराची नाळ कापलेली चालते, आणि तिचं हाड शेजारी चालत नाही? मी कोट काढला, पहार उचलली आणि योहानबाबांच्या बापाच्या कबरीशेजारी खणू लागलो. माती तापून वीट झालेली. अर्ध्या तासात वीतभर खड्डा, तळहातांची साल निघालेली, पत्नी टोपली भरते आहे, आणि उन्हात प्रेताला फार वेळ ठेवता येईना. मंडळी जागची हलली नाही. मी त्या वेळी जे म्हटलं त्याला प्रार्थना म्हणायला मला लाज वाटते. "प्रभू, हे तुझे लोक असतील तर तूच सांभाळ, माझ्याच्यानं होत नाही," एवढंच.

तेवढ्यात स्टेशनाच्या बाजूनं दोघे मुसलमान भाऊ आले. खांद्यावर पहारी, हातात गाठोडी. विहिरी खणणारे. मलकापूरकडे कामावर निघाले होते आणि त्यांची गाडी हुकली होती. थोरल्यानं विचारलं, "कोन गेलं?"

"आमची एक बाई," मी म्हणालो.

"आमची नोहे," मागून कोणीतरी बोललं.

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "खाली उतरल्यावर कोनाची ते वरचा पाहून घेईन. मय्यतीले इतकी देर करू नये, साब. हटा बाजूले. पहार काय चमच्यावानी धरून राह्यले!"

मी जिथं सुरू केलं होतं तिथंच त्यांनी खणलं, सूर्य मावळायच्या आत पुरतं केलं. आम्ही तिला खाली उतरवलं. मी वचन वाचलं. मग त्या थोरल्यानं आपल्या मनाशी काही म्हणत तीन ओंजळी माती दिली, आणि बाजूला झाला. त्यानंतर बायांमधून योहानबाबांची बायको, मार्थाबाई, पुढे आली. "माह्या पाच बाळंतपनात हे माह्या उशाशी होती," ती नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली. "तवा कोनाले आठोलं नाही?" तिनं माती दिली. एकेक करत सगळ्या बायांनी दिली, मग काही पुरुषांनीही. योहानबाबांनी दिली नाही.

दोघे भाऊ पाणी पिऊन संध्याकाळच्या गाडीनं गेले. ते देवदूत होते की साधी माणसं, यावर मी काही बोलणार नाही. गाडी हुकली होती आणि त्यांच्याजवळ पहारी होत्या, एवढं मला ठाऊक आहे, आणि तेवढ्यासाठी मी रोज गुडघे टेकतो. वीस वर्षं मी उपदेश करतो की देव मदत धाडतो. त्यानं धाडलीही, पण कुंपणाबाहेरून, कारण आत कोणी कामाचं नव्हतं. मीसुद्धा नाही. प्रभूला सगळं वाहिलं असं म्हणत असताना माझी पट्टी आणि माझी दऊत मी स्वतःकडेच ठेवली होती.

योहानबाबांवर रागावणं सोपं आहे. ते निरक्षर आहेत. मला वाचता येतं, तरी छापील कागदावर विचारलंय म्हणून मी 'कशाला?' असं एकदाही विचारलं नाही. माझा राग अजून गेलेला नाही, पण तो कुठे वळवायचा हे आता कळलं आहे.

वार्षिक तक्ता टेबलावर आहे. राहेलबाईची नोंद केली: नाव, दिवस, धंदा सुईण. पुढची जागा कोरी. नांदुऱ्याहून हा रकाना यापुढे भरला जाणार नाही, असं मिशनच्या साहेबांना लिहायचं आहे. तीनदा कागद घेतला, 'महाशय' इतकं लिहिलं, आणि माझ्या नेमणुकीचं काय होईल या विचारानं टाक खाली ठेवला. ते पत्र अजून लिहायचं आहे.