तिच्या वाटणीचं कस्टर्ड

आमच्या घरी तांदळाच्या ड्रमात हात घातला, की हाताला काय लागेल याचा भरवसा नाही. पिकायला ठेवलेली सीताफळं तर सगळ्यांच्याच घरी लागतात. आमच्याकडे चॉकलेट निघतं, बदाम निघतात, आणि या उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात घातला तर कस्टर्ड पावडरचा खोका निघाला. उत्खननात मूर्ती सापडावी तसा मी तो दोन्ही हातांनी वर धरला. तांदूळ बाह्यांतून ओघळले. मी आवाज खोल करून म्हणालो, "हा कोण्या काळातला ऐवज आहे?"

बायकोनं दारातूनच सांगितलं, "अजी, ठेवा तो खाली. पोरीचा आहे तो."

पोरगी बंगलोरला नोकरी करते. घरात आम्ही दोघंच, पण किराणा तिघांचा येतो. जे चांगलं दिसेल ते पोरीसाठी म्हणून घ्यायचं, आणि पोरीसाठी घेतलेलं पोरीनंच फोडायचं, हा बायकोचा कायदा. मी पोट सुटलेला, गोडाचा लोभी माणूस, म्हणून लपवायची जागा तांदळाच्या पोटात.

लहानपणी ही पोरगी पिवळं कस्टर्ड पाहिलं की ताटावरून उठायची नाही. वरची साय कोणाची यावर मी आणि ती खरोखर भांडत असू. मी चमचा तलवारीसारखा उपसायचो, ती वाटी घेऊन मोरीत पळायची. म्हणून हा खोका. मागच्या दिवाळीला ती येणार होती, तेव्हा आणला. दिवाळीला तिला सुटी मिळाली नाही. मग संक्रांत म्हणाली, मग होळी म्हणाली. खोका तांदळात, आणि तांदूळ वरून कमी होत होत खोका माझ्या हाताच्या टप्प्यात आला.

मी चष्मा लावून तारीख वाचली. उलटून गेलेली होती.

"फेका आता," मी म्हणालो.

"कायले फेकायचा?" बायको म्हणाली. "तांदूळ जुना झाला का फेकता का तुमी? पाव्हण्याले जुनाच घालता नं?"

बायको नवेगाव बांधकडच्या धानकरी घरातली. त्या घरात नवा तांदूळ चिकट होतो म्हणून घरची माणसं खातात आणि वर्ष-दोन वर्षं मुरलेला सुवासिक चिन्नोर तांदूळ मानाच्या माणसासाठी काढतात. लग्नानंतर मला सासुरवाडीला असा भात मिळायचा, की वाफेनंच मी धन्य व्हायचो. पुढे हळूहळू भात चिकट व्हायला लागला, तेव्हा मी ओळखलं, की आता आपण जावई राहिलो नाही, घरचे झालो. तर अशा माहेरची ही बाई. जे मुरतं ते चढतं, असा तिचा हिशेब. तोच तिनं कंपनीच्या खोक्यालाही लावला.

वाद मिटेना, म्हणून पोरीलाच फोन लावला. तिनं खोका कॅमेऱ्यासमोर धरायला लावला.

"बाबा, त्यावर 'बेस्ट बिफोर' लिहिलंय. म्हणजे त्या तारखेनंतर चव, वास कमी होऊ शकतो. एकदम विष होत नाही ते. 'यूज बाय' लिहिलेलं असतं ना, ते मात्र तारखेनंतर खायचं नाही. पाकीट फुटलंय का?"

"नाही."

"ओल, गाठी, किडे?"

"तुझ्या आईच्या ड्रममध्ये किडा जाईल? त्याची हिंमत आहे?"

ती हसली. तिचं ते हसणं ऐकायला मी अजून दहा पाकिटं तपासली असती. पण तेवढ्यात बायकोनं फोन हातात घेतला आणि मुद्द्याचं विचारलं, "मंग तू कवा येतेस?"

मग पोरगी म्हणाली, "आई, या महिन्यात नाही जमणार गं. बघते."

"बरं," बायको म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

आम्ही मुर्रीला राहतो. जवळच्या बिरसीच्या वैमानिक शाळेतल्या शिकाऊ पोरांची लहान विमानं आमच्या गच्चीवर गिरक्या घालतात. त्या दुपारीही एक घालत होतं. बायको वाळलेले कपडे काढायला गेली आणि बराच वेळ वर बघत उभी राहिली. खाली आल्यावर म्हणाली, "पाहा जी, हे पोट्टे रोज वापस येतेत." मग तिनं दूध तापत ठेवलं, कात्री घेतली आणि ते पाकीट कापलं.

पाकीट बंद होतं तोवर पोरगी यायची होती. मी मात्र नाटकच केलं. मला तेवढंच येतं. वाटी पुढे आल्यावर म्हणालो, "आधी मी खातो. मला काही झालं तर कपाटातला निळा सदरा घाला, त्यात मी बरा दिसतो." एक चमचा खाल्ला, डोळे फिरवले, छातीवर हात ठेवला आणि खुर्चीवरून असा घरंगळलो, की स्टुलावरचा तांब्याही खाली आला.

त्या आवाजानं शेजारच्या वहिनी धावत आल्या. "काऊन जी, का झालं भाऊजीले?"

"काई नाई," बायको माझ्यावरून पलीकडे जात म्हणाली. "कस्टर्ड खाऊन राहिले. तुमी बी घ्या."

वहिनींनी आधी मला हलताना पाहिलं, मग वाटी घेतली. मला मेल्या मेल्या हसू आवरेना, म्हणून उठून बसलो आणि राहिलेलं खाल्लं. कोणालाही काही झालं नाही. पोट ठीक, जीभ ठीक. फक्त रंग होता तो होता आणि वास गेला होता. व्हॅनिलाचा तो वास, ज्यानं पोरगी अंगणातून खेळ टाकून धावत यायची, तो कुठंच नव्हता. वहिनी "छान झालं" म्हणून गेल्या. बायकोनं दोन वाट्या खाल्ल्या. पातेल्यातली साय तशीच राहिली. ती घ्यायला माझा चमचा काही पुढे होईना. भांडायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत बायकोनं पिशवी पुढे ठेवली. "दुसरा डबा आणा. तारीख पाहून आणा, लांबची."

बाजारातल्या आमच्या नेहमीच्या किराणावाल्याकडे गेलो. त्यानं दोन खोके काढले. एकाची तारीख पुढच्या वर्षापर्यंत होती. दुसरा आधीच्या मालातला होता, या पावसाळ्यातच संपणारा. मी दोन्ही खोके पालथे घालून बघत बसलो. लांबचा घ्यावा, तर पोरीला पुढच्या वर्षापर्यंत सवड दिल्यासारखं होत होतं. मी जवळचा उचलला.

"अरे भाईसाब, वो मत लो, पुराना माल है," दुकानदार म्हणाला. "उसकी डेट नजदीक है."

"वही तो चाहिए," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरी कोणाला तरी माझ्या तब्येतीबद्दल कळवायला हवं.

घरी बायकोनं खोका उन्हात नेऊन तारीख वाचली. आता बोलणी बसणार म्हणून मी चेहरा पाडून तयार होतो. तिनं पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"पोळ्याच्या आसपास संपते का जी हे?"

"हो."

"मंग लावा फोन तिले," ती म्हणाली. "म्हणाव, लवकर ये. खराब होऊन जाईल."